शेवटचा रकाना

फोटो काढायला शिकवणारे या धंद्यात पुष्कळ भेटतात. काढलेला फोटो हातातून निसटू लागला तर काय करायचं, हे मला काकांनी शिकवलं. नात्यानं ते माझे कुणी नव्हते. जवळा बाजारला, परभणीहून औंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचा फोटो स्टुडिओ होता. दहावी झाल्यावर मी तिथं कामाला लागलो. गावातली सगळी पोरं त्यांना काका म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागलो. काकू जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या. आज माझं घर ज्या कामावर चालतं, ते काम मला या दोघांनी दिलं.

काका रोलच्या काळातले. एका रोलात ३६ फोटो. एखादा रोल खराब निघाला तर एखादा विधी जायचा, पण लग्न उरायचं. डिजिटल आलं आणि ३२ बाय २४ मिलिमीटरच्या एका कार्डात हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळं मावू लागलं. १ मे १९९९ रोजी परभणीतून आमचा हिंगोली जिल्हा वेगळा झाला. पॅनासॉनिक, सॅनडिस्क आणि तोशिबा या कंपन्यांनी एसडी कार्ड जाहीर केलं तेही त्याच वर्षी. ते आमच्या गावापर्यंत यायला पुढं बरीच वर्षं गेली. आलं तेव्हा काकांनी त्याची सोय ओळखली आणि जोखीमही ओळखली. ते म्हणायचे, "रोल गेला तर ३६ फोटो गेले. कार्ड गेलं तर एका पोरीचं अख्खं लग्न गेलं. आणि लग्न काही परत लागत नसतं."

म्हणून त्यांनी एक वही केली. काही बिघाड झाला की कॅमेरा पडद्यावर इंग्रजीत ओळ दाखवतो, नाहीतर नुसता आकडा. काकांचं इंग्रजी बेताचं होतं. संध्याकाळी शाळेतून आल्यावर काकू कॅमेऱ्याबरोबर मिळालेली पुस्तिका घेऊन बसायच्या, शेजारी शब्दकोश. त्या वाचून अर्थ सांगायच्या, काका कॅमेरा हातात घेऊन पडताळून बघायचे आणि मगच नोंद व्हायची. अक्षर काकूंचं, अनुभव काकांचा. प्रत्येक पानावर चार रकाने आखलेले: काय दिसलं, काय झालं असेल, काय करायचं, काय करायचं नाही. हा शेवटचा रकाना सगळ्यात भरलेला असायचा.

मला त्या नोंदी अजून पाठ आहेत. कॅननच्या कॅमेऱ्यावर 'एरर ०१' म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांचं बोलणं तुटलं. लेन्स काढून मागची सोनेरी टोकं कोरड्या मऊ फडक्यानं पुसायची. 'एरर ०२' म्हणजे कार्डापर्यंत पोचता येत नाही. जुन्या मॉडेलांवरचा 'एरर ९९' म्हणजे कॅमेऱ्यालाच नेमकं कारण सांगता येत नाही; बॅटरी, लेन्स, कार्ड असं एकेक बदलून बघत जायचं, सगळं एकदम बदलायचं नाही. निकॉनवर 'सीएचए' ही अक्षरं लुकलुकली की कार्डात घोटाळा. 'कार्ड लॉक आहे' असं आलं तर कार्डाच्या कडेची बारीक पट्टी बघायची. ती सैल झालेली असेल तर कार्ड घालताना आपोआप खाली सरकते. चालू काम तेवढं उरकायचं आणि ते कार्ड कायमचं बाजूला काढायचं.

काही नोंदी खास आमच्या मुलखाच्या होत्या. वसमत-हिंगोली हा हळदीचा पट्टा, आणि हळदीच्या कार्यक्रमात ती पिवळी पूड हवेत, कपड्यांत, सगळीकडं असते. हळदीच्या हातानं कार्ड बदललं की पूड खाचेत जाते आणि कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर बसते. म्हणून काकांच्या खिशात एक स्वच्छ रुमाल असायचा, फक्त कार्ड बदलण्यापुरता. भारनियमनाच्या वर्षांत बॅटऱ्या अर्ध्याच चार्ज व्हायच्या. फोटो कार्डावर उतरत असताना बॅटरीनं दम सोडला तर तो फोटो तर जातोच, कधी कधी कार्डाची सगळी नोंदच बिघडते. त्यामुळे काका बॅटरीचा शेवटचा ठोकळा दिसू लागला की ती बदलायचेच, आणि कार्डाचा लाल दिवा विझल्याशिवाय झाकण उघडू द्यायचे नाहीत.

नवं कार्ड ते थेट लग्नाला नेत नसत. आधी स्टुडिओच्या भिंतीचे फोटो काढून ते काठोकाठ भरायचे, संगणकावर उतरवून एकेक उघडून बघायचे. बाजारात नकली कार्डं येतात. वर आठ जीबी छापलेलं आणि आत दोनच. कॅमेरा छापील आकड्यावर विश्वास ठेवून फोटो घेत राहतो आणि जागा संपल्यावरचे सगळे फोटो हवेत जातात. आणखी एक अडचण जुन्या-नव्याची. २००६ साली आलेली एसडीएचसी कार्डं आणि २००९ साली आलेली एसडीएक्ससी कार्डं त्याआधीच्या यंत्रांना कळत नाहीत. चांगलं कार्ड जुन्या रीडरमध्ये घातलं की संगणक विचारतो, फॉरमॅट करू का? वहीत या प्रश्नापुढं काकूंनी लाल शाईनं लिहिलं होतं: 'नाही. आधी दुसऱ्या रीडरमध्ये बघा.'

पुसलेला फोटो परत कसा येतो, हे मला काकांनी सातबाऱ्यावरून समजावलं. तलाठ्याच्या दप्तरात नाव खोडलं म्हणून कुणी शेत उचलून नेत नाही. जमीन आहे तिथंच असते, उभं पीकही असतं. कार्डातही एक दप्तर असतं. फोटो पुसला की त्या दप्तरातल्या नावाचं पहिलं अक्षर बदललं जातं आणि ती जागा मोकळी मानली जाते. कॅमेऱ्यात फॉरमॅट केलं की बहुतेक वेळा दप्तर कोरं होतं, शेत नाही. जुनं पीक खरोखर जातं ते त्याच जागेत नवी पेरणी झाल्यावर. काका म्हणायचे, "एररनं फोटो कमी जातात रे. एरर आल्यावर माणूस घाबरून जे दाबत सुटतो, त्यानं जातात." माझ्या आजवरच्या कामात हे वाक्य खरं ठरत आलं आहे.

एका मे महिन्यातलं लग्न. अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली आणि काकांच्या कॅमेऱ्यावर कार्ड वाचता येत नसल्याची ओळ आली. त्यांनी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. कॅमेरा बंद केला, कार्ड काढलं, कडेची पट्टी लॉकवर सरकवली. रोलच्या दिवसांतली एक रिकामी फिल्मची डबी ते जवळ बाळगायचे. कार्ड त्या डबीत घालून डबी माझ्या हातात दिली. म्हणाले, "आता हे कुठंच घालायचं नाही." दुसरं कार्ड घालून ते पुढच्या विधींना लागले. मांडवात कुणालाही काही कळलं नाही. त्या लोकांनी वर्षभर राबून उभा केलेला दिवस आपल्या काळजीनं झाकोळायचा नाही, हे त्यांनी न बोलता शिकवलं.

रात्री वीज आल्यावर आम्ही संगणकापुढं बसलो. काकू चहा ठेवून वही घेऊन आल्या. आधी अख्ख्या कार्डाची जशीच्या तशी प्रत संगणकावर घेतली. मूळ कार्ड परत डबीत. मग त्या प्रतीवर 'फोटोरेक' हा प्रोग्राम चालवला. तो दप्तराकडं बघतच नाही. प्रत्येक जेपीईजी फोटोची सुरुवात ठरलेल्या खुणेनं होते, संगणकाच्या सोळाच्या अंकलिपीत 'एफएफ डी८'. तो प्रोग्राम पहिल्या टोकापासून शेवटपर्यंत ती खूण शोधत जातो आणि सापडेल तो फोटो उचलून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो. फोटोंची मूळ नावं मात्र हरवतात. तेव्हा मला कळलं की प्रत्येक लग्नाआधी काका कॅमेऱ्याचं घड्याळ मिनिटाला मिनिट का लावून घेतात. फोटो काढल्याची वेळ फोटोच्या आतच लिहिलेली असते. त्या वेळांवरून आम्ही हळद, सीमांतपूजन, मंगलाष्टकं असं सगळं लग्न पुन्हा क्रमानं लावलं. काही फोटो अर्धे करडे निघाले, पण अक्षतांचे सगळे आले.

त्या फोटोंबरोबर आणखी काही वर आलं. फॉरमॅटनंतर कॅमेरा कार्डाच्या सुरुवातीपासून लिहीत जातो. मधली कामं लहान होती, त्यामुळे कार्डाच्या टोकाकडं आधीच्या एका मोठ्या लग्नाचे फोटो तसेच पडून होते. त्यात एक आजी होती. मांडवाच्या खांबाला टेकून बसलेली, मुठीत अक्षता, आणि मोकळं हसलेली. त्या घरच्यांनी अल्बमसाठी फोटो निवडले तेव्हा हा निवडला गेला नव्हता. काकांनी तिला लगेच ओळखलं. मधल्या काळात ती वारली होती.

दुसऱ्या दिवशी काकांनी त्या फोटोची प्रिंट काढून आणली, फ्रेम केली आणि मला मोटारसायकलवर मागं बसवून तिच्या गावी घेऊन गेले. आजीचा मुलगा फोटो हातात घेऊन ओट्यावर बसून राहिला. आईचा एकही हसरा फोटो घरात नव्हता, एवढंच तो बोलला. पैशांचा विषय निघाला तेव्हा काकांनी हात जोडले. परत आल्यावर त्या जुन्या लग्नाचे बाकीचे फोटो त्यांनी माझ्यासमोर पुसले आणि काकूंकडून शेवटच्या रकान्यात एक ओळ लिहून घेतली: 'दुसऱ्याच्या घरचा फोटो सापडला तर तो त्या घरी जाईल, नाहीतर पुसला जाईल. तिसरीकडं जाणार नाही.' आज लोकांचे फोन माझ्या दुकानात दुरुस्तीला पडलेले असतात. बायाबापड्या निर्धास्तपणे कार्ड हातात देऊन जातात. त्या विश्वासाची राखण ही एक ओळ करते.

माझ्यावर ज्यांचं ऋण आहे ती माणसं फार लांबवर पसरलेली आहेत. ज्या फ्लॅश मेमरीवर ही सगळी कार्डं उभी आहेत, ती तोशिबातले फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली जगापुढं मांडली. वीज बंद झाली तरी लिहिलेलं टिकवून धरणारी ती मेमरी, आणि बारा-बारा तास वीज नसलेल्या गावातलं आमचं काम तिच्यावर चाललं. फोटोरेक लिहिणारे क्रिस्तोफ ग्रेनिए फ्रान्सचे. त्यांनी तो प्रोग्राम कुणालाही फुकट वापरता यावा म्हणून खुला ठेवला. तो विकत घ्यायचा असता तर त्या रात्री आमच्याकडं तेवढे पैसे नव्हते. त्या आजीचं हसू परत आलं ते त्यांच्यामुळेही, हे त्यांना कधी कळणार नाही. मला कळतं, म्हणून मी त्यांचं नाव माझ्याकडं शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

काका गेल्यावर काकूंनी वही माझ्याकडं दिली. म्हणाल्या, "पुढची पानं कोरी आहेत, भरत राहा." मी भरतो आहे. आता फोनची कार्डं, ड्रोनची कार्डं, रीडरमध्ये अडकलेली कार्डं अशा नव्या नोंदी असतात, पण रकाने तेच चार आहेत. हट्ट्याची, शिरड शहापूरची, औंढ्याची नवी पोरं कॅमेरा घेऊन या धंद्यात येतात, तेव्हा मी त्यांना सगळ्या पानांची झेरॉक्स देतो. कामाचे पैसे मी घेतो. गेलेल्या माणसाचा फोटो शोधायचे घेत नाही. आणि कुणी घाबऱ्या आवाजात फोन करून कार्ड गेलं म्हणालं, तर कोण, कुठला, कोणता कॅमेरा हे विचारण्याआधी मी काकांचंच वाक्य त्याला देतो: "आता काही दाबू नको. कार्ड काढ, आणि ये."