परतल्यानंतर

अमडापुरासारख्या गावी आकाश भरपूर दिसते. आणि लोणार आपल्याच जिल्ह्यात असल्यामुळे आकाशातून येणारी वस्तू पृथ्वीवर कशी आदळते, हेही आम्हां बुलढाणेकरांस ठाऊक आहे. परंतु वर गेलेला मनुष्य सुखरूप परतला म्हणजे पुढे त्याचे काय होते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आम्हांस उड्डाणापेक्षा त्याचेच कुतूहल अधिक.

राकेश शर्मा यांचेच पाहा. जन्म पतियाळ्याचा, परंतु सैनिकी शिक्षण झाले ते आपल्या खडकवासल्यास, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत. १९७१ च्या युद्धात त्यांनी मिग विमान चालविले. ३ एप्रिल १९८४ रोजी ते सोयूझ यानातून सॅल्यूत-७ स्थानकाकडे निघाले व ११ एप्रिलला भूमीवर उतरले. अशोकचक्र मिळाले, जागोजाग सत्कार झाले. एखाद्याने त्या पुण्याईवर उरलेले आयुष्य निवांत काढले असते. शर्मा मात्र १९८७ साली हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये दाखल होऊन नाशिकजवळच्या ओझर येथे मुख्य चाचणी-वैमानिक झाले! कारखान्यातून निघालेले विमान प्रथम आपण उडवावयाचे, आणि त्यात दोष असेल तर तो आपल्या जिवावर शोधावयाचा, असे ते काम. तेथे टाळ्या वाजविण्यास कोणी नसते.

आता अफगाण हवाई दलाचे अब्दुल अहद मोमंद. २९ ऑगस्ट १९८८ रोजी ते मीर स्थानकाकडे गेले. परततांना ६ सप्टेंबरला यंत्रणेने दगा दिला आणि अरुंद कुपीत एक दिवस अधिक काढावा लागला. अशातच इंजिनाचा भाग यानापासून विलग करणारी क्रिया आपोआप सुरू झाल्याचे मोमंद यांच्या ध्यानी आले. तो भाग सुटता तर परतीची वाटच खुंटली असती. त्यांनी सहकारी ल्याखोव्ह यांस वेळीच सावध केले, आणि दोघेही दुसऱ्या दिवशी सुखरूप उतरले. पण १९९२ साली काबूलचे सरकार कोसळले. मोमंद यांस जर्मनीत आश्रय घ्यावा लागला. २००३ साली ते त्या देशाचे नागरिक झाले.

धैर्यात दोघांपैकी उणा कोणी नव्हता. एकास परतल्यावर स्वतःचे काम मिळाले. दुसऱ्यास पृथ्वी मिळाली, पण घर राहिले नाही. २०२५ साली खडकवासल्याचेच शुभांशू शुक्ला अंतराळस्थानकावर जाऊन आले, आणि आपल्या मुलांच्या मनांत पुन्हा तीच स्वप्ने उठली. ती अवश्य उठावीत. परंतु वीरास निरोप देणे सोपे असते. त्याने परतून यावे असे घर, आणि हाती घ्यावे असे काम, शाबूत ठेवणे हे मागे राहिलेल्या आम्हां सर्वांचे कर्तव्य होय.