माळावरचं मेंढपाळाचं घर

2 ऑगस्ट 2024, बेटीहिल

स्कॉटलंडचं उत्तर टोक. रात्रीचे साडेनऊ होत आले तरी दिवा लावावा लागत नाही. गेल्या आठवड्यात, 26 जुलैला, दिल्लीतल्या युनेस्कोच्या बैठकीत इथल्या ‘फ्लो कंट्री’ला जागतिक वारशाचा मान मिळाला. मैलोगणती पसरलेला पीटचा माळ. पीट म्हणजे पाण्यात पुरतं न कुजता हजारो वर्षं साचत राहिलेलं शेवाळ. सध्या हेदर फुललंय, त्यामुळे सगळा माळ जांभळा दिसतोय. उद्या नेव्हर नदीच्या खोऱ्यात जायचं, स्ट्रॅथनेव्हरला, एका मेंढपाळाचं पडकं घर बघायला.

3 ऑगस्ट

घर आधी दिसलंच नाही, दिसलं ते गवत. तपकिरी-जांभळ्या माळात एकच लख्ख हिरवा तुकडा. आपल्याकडे धनगराला धान्य देऊन शेतात मेंढरं बसवतात, ती जमीन पुढच्या पिकात कशी वेगळी उठून दिसते, तसा. इथं वर्षानुवर्षं लेंड्या, राख, खरकटं पडलं आणि आंबट पीटच्या मधोमध सुपीक माती तयार झाली. माणसं गेली, कस राहिला.

दोन आखूड भिंती उभ्या आहेत, दोन्हींत चूल. लांब भिंती कंबरेएवढ्या. दाराशी रोवनचं झाड. घरात वाईट काही शिरू नये म्हणून इथले लोक ते लावत. मागे मेंढ्यांचा दगडी कोंडवाडा. घर आतून मोजलं: नऊ पावलं लांब, चार रुंद.

बसायला जागा शोधताना भिंतीतल्या एका दगडावर हात पडला. गोलसर कड, मधे भोक, कडेला खुंट्याची खोबण. जात्याची पाळू, अर्धी फुटलेली! इतर दगडांसारखीच चुन्यात बसवलेली. बोट फिरवलं तर दळून दळून झालेला गुळगुळीतपणा अजून लागतो. आमच्या आजीच्या जात्याची पाळू अशीच होती, परसात पालथी पडलेली. पगारी मेंढपाळ आपलं जातं फोडून भिंतीत कशाला घालील? हे त्याच्या आधीच्या कुणाचं तरी असणार.

4 ऑगस्ट, आषाढ अमावास्या

रोझालला गेले. हे गाव उठवलेलं. 1814 पासून पुढची काही वर्षं सदरलंडच्या जमीनदारीनं हे खोरं रिकामं केलं, कारण चेव्हिएट मेंढ्यांच्या कुरणाला खंड जास्त मिळत होता. माणसं समुद्रकाठच्या तुकड्यांवर नेऊन बसवली. परतू नयेत म्हणून घरांची छपरं जाळली. या बिनझाडाच्या मुलखात छपराचं लाकूड हीच कुटुंबाची मोठी मिळकत, तीच जळाली. जमीनदारीचा कारभारी पॅट्रिक सेलर याच्यावर 1816 मध्ये इन्व्हरनेसला खटला चालला. अंथरुणाला खिळलेल्या एका म्हातारीच्या मृत्यूचाही आरोप होता. तो निर्दोष सुटला. याच खोऱ्यात मेंढ्यांचं मोठं कुरण त्यानंच खंडानं घेतलेलं होतं. हे वाचलेलं होतं. तरी त्या गवतात उभं राहून आठवलं तेव्हा संताप आवरेना.

घरांच्या आता नुसत्या रेघा उरल्यात. 1962 मध्ये इथं उत्खनन झालं. माणसं आणि गुरं एकाच लांबट छपराखाली राहायची. उठवलेल्या गावांचे दगड पुढे कुंपणांना, कोंडवाड्यांना, मेंढपाळांच्या घरांना गेले. कालच्या जात्याचा उलगडा बहुधा इथंच आहे.

संध्याकाळी खोलीत मेणबत्ती लावली. आज दिव्याची अवस.

6 ऑगस्ट

दोन दिवस त्या मेंढपाळाचा विचार डोक्यातून जात नाही. असे बरेच मेंढपाळ दक्षिणेतून, इंग्लंडच्या सीमेकडून आलेले, पगारावर. शरद ऋतूत एकेक मेंढी पुढ्यात घेऊन, लोकर भांग काढल्यासारखी विंचरत, कातडीला डांबर आणि लोणी चोळायचं. मेंढी कोकराला आपली टेकडी शिकवते आणि कुंपण नसतानाही कळप ती सोडत नाही. ती ओळख मोडू नये म्हणून रोजची पायपीट करायची. बर्फात गाडल्या गेलेल्या मेंढ्या काठीनं टोचून शोधायच्या. त्यानं कुणाचं छप्पर जाळलं नाही. पण जळालेल्या घराच्या दगडांत तो राहिला, आणि ते जातं त्याला रोज दिसत असणार. त्याला दोषी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. हिशेब मागायचा तो जमीनदारीकडे.

पुढे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची लोकर आली, भाव पडले आणि बरीच कुरणं श्रीमंतांच्या हरणांच्या शिकारीसाठी गेली. मेंढपाळही उठले.

वारसा मिळाला तो निसर्गाचा: शेवाळ, पाणी, पक्षी. मिळायलाच हवा होता. पण या मुलखाला ‘निर्मनुष्य’ म्हणणं साफ चूक आहे. तो निर्मनुष्य करण्यात आला.

निघण्यापूर्वी पुन्हा त्या घरी जाऊन आले. पाळूवरचं शेवाळसुद्धा खरवडलं नाही. तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला गेलात, तर भिंतीतला एकही दगड हलवू नका.