परीक्षकाची खुर्ची



कीर्तनकाराने कुस्तीवर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण माझे बालपण लालबागला गेले. रात्रपाळी करून आलेली गिरणीतली माणसे सकाळी तालमीत जोर काढीत आणि एकादशीला त्याच हातांनी टाळ धरीत. तुळशीची माळ आणि लंगोट यांचे वैर मी कधी पाहिले नाही. गळा थकला तशी नारदाची गादी सोडली. कुस्तीचा नाद मात्र सुटलेला नाही.

रविवार, २ फेब्रुवारी २०२५. वसंत पंचमी, म्हणजे पंढरीत देवाच्या लग्नाचा दिवस. शीवला आमच्या घरी गोडाचा नैवेद्य झाला आणि संध्याकाळी नातवाला घेऊन मी टीव्हीसमोर बसलो. अहिल्यानगरला ६७ वी महाराष्ट्र केसरी स्पर्धा चालू होती. गादी विभागात शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ यांची कुस्ती लागली आणि पंचाने राक्षेला चितपट दिले.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन्ही खांदे एकाच वेळी टेकले पाहिजेत, आणि पंचाला नीट दिसेल इतके ते टेकलेले राहिले पाहिजेत. एक खांदा बोटभर वर असला तरी कुस्ती संपत नाही. राक्षेचे म्हणणे होते की दोन्ही टेकलेच नाहीत, चित्रण पुन्हा पाहा. वाद वाढला आणि त्याने पंचाला लाथ मारली. पुढे अंतिम लढतीत महेंद्र गायकवाडनेही पंचाच्या निर्णयावर नाराज होऊन वेळ संपण्याआधी मैदान सोडले. गदा मोहोळला मिळाली आणि या दोघांवर तीन वर्षांची बंदी आली.

मी खुर्चीतून उठून ओरडलो होतो, “विकला गेलाय हा!” गळ्यात माळ असताना. लाथ बसली तेव्हा, खोटे कशाला बोलू, क्षणभर बरेही वाटले.

नातू म्हणाला, “आजोबा, विकला गेलाय हे तुम्हाला कसं कळलं?”

मी टीव्ही बंद केला.

गोरोबाकाकांचे आख्यान मी आयुष्यभर लावले. तेरढोकीला संत जमलेले, मुक्ताई म्हणतात, काका, यांतले कच्चे मडके कोणते ते पाहा. काका थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारीत जातात. बाकीचे गप्प बसतात. नामदेवराय चिडतात आणि कच्चे ठरतात. ते रुसून पंढरीला जातात, निकाल देवाकडून फिरवून घ्यायला. त्यांचे ते फणफणणे मी असे रंगवीत असे की मंडप हसून लोटपोट व्हायचा. त्या रात्री अंथरुणात पडल्यावर वेगळेच लक्षात आले. नामदेव देवाचा लाडका, त्याच्या हातचे जेवलेला देव. तरी देवाने निकाल फिरवला नाही. विसोबा खेचरांकडे जा म्हणून सांगितले. आणि काकांनाही त्या थापटण्याने कोणाला पाडायचे नव्हते की चढवायचे नव्हते. असा पंच मिळणे कठीण. यंत्राने तो मिळतो असेही नाही. ४ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसच्या हॉकीत अमित रोहिदासला लाल कार्ड मिळाले तेव्हा चित्रण पाहणारे पंच होतेच, तरी सामना जिंकूनही आपल्या हॉकी संघटनेने पंचगिरीबद्दल तक्रार नोंदवली. पाहणारे डोळे शेवटी माणसाचेच.

माझेही डोळे एकदा तिथे होते. पंचवीसएक वर्षांपूर्वी गिरणगावातल्या एका भजन स्पर्धेला मी परीक्षक होतो. शेवटी दोन मंडळे उरली. एक माझ्या गावाकडचे, त्यांचे विणेकरी माझे गुरुबंधू. दुसरे परळच्या गिरणी कामगारांचे. परळकरांचा पखवाज असा बोलला की अंगावर काटा आला. तरीही मी उच्चाराला इकडे एक गुण वाढवला आणि शिस्तीला तिकडे एक कापला. निकाल एका गुणाने लागला. कोणाकडून दिडकी घेतली नव्हती. आपल्या गावची पोरे मुंबईत पुढे यावीत, एवढेच मनात होते, आणि त्याला पक्षपात म्हणतात हे त्या वेळी मनाला शिवलेही नाही. विकला न जाताही माणूस तराजू वाकडा धरतो, हे नातवाला सांगायचे तर आधी हे सगळे सांगावे लागले असते.

परळचे ते पखवाजवादक त्या रात्री माझ्या पाया पडून गेले होते. काही बोलले नाहीत. लाथेपेक्षा ते जड होते, पण तेव्हा मला तो आशीर्वादाचा नमस्कार वाटला.

पुढच्या एकादशीला लोकल पकडली. मधे माटुंगा आणि दादर, एवढेच अंतर; पंचवीस वर्षे लागली. चाळ तीच होती. ते खाटेवर बसलेले, बोटे वाकलेली. मी गुणांची सगळी हकीकत सांगितली. ते ऐकत राहिले आणि मग म्हणाले, “बुवा, आम्हाला गातानाच कळलं होतं. त्यांच्या चालीवर तुमची मान डोलत होती. आमच्या वेळी तुम्ही कागदाकडं बघत होता.”

मग त्यांच्या सूनबाईने उपवासाचा चहा आणला, आणि त्यांनी खुंटीवरचा पखवाज उतरवायला सांगितला.