रूट म्हणून बसणं

ऑफिसातला नवा मुलगा आज सरळ रूट म्हणूनच लॉगिन करून बसला होता. ब्राउझरही त्यातच उघडलेला. ‘सारखं सुडो कोण टाईप करत बसणार, सर?’ मला खरंच काळजी वाटली.

रूट म्हणजे यूआयडी शून्य असलेलं खातं, आणि यूआयडी शून्य असला की लिनक्सचं कर्नल परवानगी जवळजवळ विचारतच नाही. साध्या खात्यातल्या ब्राउझरमधून काही घुसलं, तर नुकसान बहुधा त्या खात्यापुरतं राहतं. तेही थोडं नाही. आपले फोटो, एसएसएचच्या किल्ल्या तिथेच असतात. पण रूट हाती लागलं की घुसणारा लॉग पुसतो, कर्नलमध्ये स्वतःचं मॉड्यूल बसवतो, आणि मग त्या मशीनच्या कुठल्याच उत्तरावर भरवसा ठेवता येत नाही.

शिवाय शत्रूच हवा असं कुठे आहे? 2011 साली बंबलबी या प्रकल्पाच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये ‘यूएसआर’ या फोल्डरच्या नावानंतर एक स्पेस चुकून पडली. काढायचं होतं त्याच्या आतलं एनव्हिडियाचं एक फोल्डर. आरएम कमांडने अख्खं यूएसआर उडवलं. स्क्रिप्ट रूटने चालत होती, अडवणार कोण?

एकेक कमांड रूटच्या अधिकाराने चालवू देणारं सुडोही निर्दोष नाही म्हणा. 2021च्या जानेवारीत उघड झालेली ‘बॅरन सॅमेडिट’ ही फट त्यात जवळपास दहा वर्षं होती. तिच्यातून साध्या यूजरलाही रूट होता येई. तरी मी सुडोच्याच बाजूचा. पासवर्ड मागितला जातो तेवढ्यात माणूस आपली कमांड पुन्हा वाचतो, आणि कोणी काय चालवलं याची नोंद उरते. उबुंटू रूटचं खातं मुळातच कुलूपबंद ठेवतं, ते मला मनापासून पटतं.