पेंग आणि शीण

माझ्या उशाशी गेली तीन वर्षे एक यंत्र आहे. आकाराने मोठ्या पानाच्या डब्याएवढे. त्यातून एक जाड नळी निघते आणि माझ्या नाकावर बांधलेल्या मुखवट्याला येऊन मिळते. नातवाने मला त्या अवतारात पहिल्यांदा पाहिले, तेव्हा तो घाबरेल अशी आमची समजूत होती, पण त्याने टाळ्या पिटल्या आणि "आजोबा गणपती झाले!" असे जाहीर करून टाकले. तेव्हापासून घरात त्या यंत्राला दुसरे नाव उरलेले नाही. "गणपती लावला का?" असे ही रोज रात्री दिवा मालवण्यापूर्वी विचारते. डॉक्टर त्याला सीपॅप म्हणतात. कोणी काही म्हणो, हा गणपती रात्रीचे विघ्न हरतो यात शंका नाही. दिवसाचे विघ्न मात्र त्याने बरेचसे तसेच ठेवले आहे, आणि मला चार शब्द लिहायचे आहेत ते या उरलेल्या विघ्नाविषयी.

आधी रात्रीचे सांगतो. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. सगळ्यांचेच पडतात, पण काहींची श्वासाची वाट मुळातच अरुंद असते, काहींच्या मानेभोवती चरबी साठलेली असते, आणि मग ती वाट पार मिटते. छाती भात्यासारखी हलत राहते, हवा मात्र आत जात नाही. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहूनही अधिक. रक्तातला प्राणवायू उतरू लागतो, मेंदू घाबरतो, माणूस घुसमटून क्षणभर जागा होतो, श्वास घेतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातले काही म्हणता काही आठवत नाही. 'स्लीप ॲप्निया' हे या दुखण्याचे नाव. 2022 च्या फेब्रुवारीत संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत वारले, तेव्हा डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणांत हे नाव सांगितले आणि ते वर्तमानपत्रांतून घरोघरी पोचले. पण दुखणे त्याआधी दुर्मीळ होते असे नव्हे. मुंबईचे डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांचे सहकारी यांनी 2004 साली एक पाहणी प्रसिद्ध केली. तीत पस्तीस ते पासष्ट वयाच्या शहरी पुरुषांपैकी शेकडा साडेसात जणांना ते असल्याचे आढळले होते. आमच्याकडे मात्र घोरणे हे गाढ झोपेचे प्रमाणपत्र समजले जाते. "अगदी मेल्यासारखा झोपतो" असे कौतुकाने म्हणतात. त्या उपमेत किती तथ्य आहे, हे म्हणणाऱ्याला ठाऊक नसते.

माझे दुखणे प्रथम ओळखले ते डॉक्टरांनी नव्हे, अण्णांनी. अण्णा माझे थोरले बंधू. ते लातूरला असतात, मी नांदेडला. मध्ये लोहा, अहमदपूर, चाकूर ही गावे आणि एस.टी.चा साडेतीन-चार तासांचा रस्ता. महिन्या-दोन महिन्यांतून मी तिकडे एक फेरी मारतो. अण्णांना रात्री झोप नसते. त्या न झोपण्याला एक तारीख आहे : 30 सप्टेंबर 1993. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक दमून निजले होते. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली, आणि किल्लारी, सास्तूर नि आसपासच्या गावांतली दगडमातीच्या जाड भिंतींची घरे झोपलेल्या माणसांवर बसली. हजारो माणसे गेली. लातूर शहर हलले, पण उभे राहिले. अण्णा, वहिनी, मुले अंगणात पळाली, आणि पुढे कित्येक रात्री सारी गल्ली उघड्यावरच निजत होती. यथावकाश गल्ली घरात गेली. अण्णा काही अजून पुरते आत गेलेले नाहीत. ते दाराशी अंथरूण घालतात, साडेतीनला उठून बसतात आणि चार वाजून गेल्यावर पुन्हा आडवे होतात. इतक्या वर्षांत या नेमाला खंड नाही. पुढे लातूरच्या नळाला पाणी येण्याची वार-वेळ राहिली नाही. 2016 च्या एप्रिलात तर मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. तेव्हा या जागणाऱ्या माणसाला सगळी गल्ली दुवा देत होती.

असा हा जागा माणूस एका पहाटे माझ्या अंथरुणाशी येऊन बसलेला मला दिसला. मी डोळे उघडले तशी ते म्हणाले, "झोपेत काय करायलास रे तू? घोरतोस, घोरतोस, अन् एकदम गप्प! श्वासच थांबायलाय तुझा. मी आकडे मोजले. एकदा तर तिसापर्यंत गेलो." मी हसण्यावारी नेऊ लागलो. ते हसले नाहीत. डॉक्टरकडे कोणत्या वारी जाणार हे माझ्याकडून वदवून घेतले, मगच चहा पुढे केला.

नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये एका रात्रीची तपासणी झाली. डोक्याला, छातीला, पायांना तारा डकवायच्या, नाकाशी एक नळी, बोटाला एक चिमटा, आणि मग म्हणायचे, "आता नेहमीसारखे झोपा." शास्त्रालाही विनोदाचे वावडे नसते. निकाल आला : तासाला 41 वेळा श्वास अडतो. तिसाच्या पुढे गेले की दुखणे तीव्र समजतात. म्हणजे सात तासांच्या झोपेत पावणेतीनशेहून अधिक वेळा माझा श्वास अडत होता, आणि सकाळी उठून मी "काय छान झोप लागली" असे सांगत होतो!

यावरचा उपाय इतका साधा आहे, की तो सुचायला 1980 साल उजाडावे लागले याचेच नवल वाटते. सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी विचार केला, की मिटणारी वाट आतून हवेच्या दाबाने उघडी धरली तर? नाकातून सौम्य दाबाची हवा रात्रभर देत राहायची, एवढेच. 1981 साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्यांच्या सुरुवातीच्या यंत्रांत केर ओढणाऱ्या व्हॅक्यूम क्लीनरची मोटर होती म्हणतात. त्याआधी अशा तीव्र दुखण्यावर गळ्याला बाहेरून छिद्र पाडणे हाच मोठा इलाज होता. तेव्हा मुखवट्याला नावे ठेवताना मी जरा बेताने ठेवतो. माझ्या यंत्राचा दाब पाण्याच्या दहा सेंटिमीटर उंचीएवढा आहे. अण्णांना हे मोजमाप सांगितले, तर ते म्हणाले, "बघ, आमच्या नळाला नसतं तेवढ्या पाण्यावर तू जगायलास!"

यंत्राने आपले काम चोख केले. 41 चे 2 झाले. घोरणे थांबले, पहाटेची डोकेदुखी गेली, हिला कित्येक वर्षांनी शांत झोप लागली. पण दिवसाची पेंग काही गेली नाही. जेवण झाले की पेंग, वर्तमानपत्र उघडले की पेंग, बसमध्ये बसलो की लोहा येण्यापूर्वीच मान छातीवर. मोटारसायकल मी भाच्याला देऊन टाकली. वाऱ्यावर डोळे मिटू लागले की वाहन सोडावे हे बरे. कीर्तनात डुलकी लागली तर देव क्षमा करतो, आणि बुवाही करतात. सोयरिकीच्या बैठकीत कोणी करीत नाही. अण्णांच्या नातीसाठी उदगीरची मंडळी पाहायला आली होती. मी घरचा वडीलधारा म्हणून मध्यभागी. देण्याघेण्याचा विषय निघाला आणि माझी मान गेली. पाहुण्यांपैकी एका गृहस्थाने शेजाऱ्याकडे पाहून अंगठा ओठांशी नेला. वहिनींनी ते पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. सावरून घ्यायला अण्णा म्हणाले, "तसं काही नाही, ते रात्री यंत्र लावतात." त्याने प्रकरण अधिकच गूढ झाले. सोयरीक जमली ती मुलीच्या गुणांवर. त्यात माझा वाटा काही नाही.

या दुखण्यातला खरा जाच इथे आहे. यंत्र नव्हते तोवर मी आजारी होतो. यंत्र आले, त्याचा आकडा 2 झाला, आणि मी आळशी ठरलो. "आता एवढं यंत्र आणलंय, मग दुपारी पुन्हा कशाला आडवे होता?" असे हिने विचारले, तेव्हा तिच्या बोलण्यात राग नव्हता, हिशेब न जुळल्याची काळजी होती. यंत्र म्हणते माणूस बरा आहे, माणूस म्हणतो नाही. आणि घरच्या पंचायतीत साक्ष धरली जाते ती यंत्राची. आपल्याकडे संतांपासून शाळामास्तरांपर्यंत सर्वांनी झोपेला आळसाच्या दावणीला बांधून ठेवले आहे. लातूरच्या शिकवण्यांची मुले पहाटे चारला उठून अभ्यास करतात याचे आपण कौतुक करतो. ती रात्री किती वाजता निजली हे कोणी विचारत नाही.

सुदैवाने आमचे डॉक्टर विचारणारे निघाले. त्यांनी यंत्राचा आकडा पाहिला आणि कागद बाजूला ठेवला. म्हणाले, "हा आकडा फक्त श्वासाचा आहे, झोपेचा नाही. मला सांगा, तुम्हाला पेंग येते की शीण वाटतो?"

मी मराठी शिकवण्यात जन्म घालवला, पण हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. पेंग म्हणजे डोळे मिटू पाहतात आणि मिटू दिले तर माणूस झोपतो. शीण म्हणजे अंगातले त्राण जाते, पण उशीला डोके टेकले तरी झोप येत नाही. दोन्हींची मुळे बहुधा वेगवेगळी असतात, आणि रोगी दोन्हींना "थकवा" म्हणून मोकळा होतो. आपल्या भाषेत तर झापड आहे, गुंगी आहे, ग्लानी आहे, सुस्ती आहे, मरगळ आहे. आजीच्या पिढीने हे शब्द नेमके वापरले. आपण ते सगळे मोडीत काढून एकच ठेवला.

पेंग मोजायला एक चिठ्ठी असते. मेलबर्नच्या डॉ. मरे जॉन्स यांनी 1991 साली ती केली. तेथल्या एपवर्थ रुग्णालयाचे नाव तिला आहे. आठ प्रसंग दिलेले : वाचताना, टीव्ही पाहताना, कोणाशी बसून बोलताना, दुपारी जेवणानंतर स्वस्थ बसल्यावर, असे. प्रत्येकात डुलकी लागण्याचा संभव किती, त्याला शून्य ते तीन गुण. चोविसांपैकी दहाच्या वर गेले की पेंग प्रमाणाबाहेर. यंत्रापूर्वी माझे 17 होते, यंत्र लावूनही 15. शाळेत कधी एवढे गुण मिळाले नव्हते.

मग डॉक्टरांनी झाडाझडती सुरू केली. यंत्रातल्या नोंदींत दिसले, की मी रोज सरासरी साडेचार तासच ते वापरतो. झोपेत माझा हात पहाटे मुखवटा काढून ठेवतो. पहाटेची झोप मोठी स्वप्नाळू असते, आणि श्वास अडण्याचा त्रासही अनेकांना त्याच झोपेत अधिक होतो. नेमकी तीच राखणीवाचून जात होती. शिवाय मुखवट्याच्या कडेने हवा निसटत होती, आणि तिचे कारण माझ्या मिशा! चाळीस वर्षे जपलेल्या मिशा मी श्वासापायी उतरवल्या. नातवाने दोन दिवस ओळख दाखवली नाही. रक्त तपासले, थायरॉइड मंद निघाले, त्यावर गोळी सुरू झाली. सर्दीसाठी रात्री घेत होतो ती गोळी दुसऱ्या दिवशीपर्यंत गुंगी आणणारी होती, ती बदलली. वादळवाऱ्यात वीज गेली की यंत्र गप्प होते, म्हणून एक इन्व्हर्टर आणला. एवढे सगळे झाल्यावर तीन-चार महिन्यांनी चिठ्ठी पुन्हा भरली. 11 आले.

15 आणि 11 यांतला फरक कागदावर चार गुणांचा. प्रत्यक्षात तो असा, की आता मी अहमदपूरपर्यंत खिडकीबाहेर पाहू शकतो. पण कोजागिरीला गच्चीवर आटीव दूध आटत असताना, "कोण जागे आहे?" असे विचारत लक्ष्मी फिरते म्हणतात तेव्हा, मी साडेनऊलाच सतरंजीवर कलंडलो होतो. उरलेल्या पेंगेचे कारण काय, यावर डॉक्टर जपून बोलतात. सगळी कारणे निपटली तरी काही रोग्यांत ती उरते. उंदरांवरच्या प्रयोगांत असे दिसले आहे, की प्राणवायू वारंवार चढत-उतरत राहिला तर जागे ठेवणाऱ्या मेंदूतल्या पेशींनाच इजा होते. माणसात तसेच होते का, याचा शोध चालू आहे. जागे ठेवणारी औषधेही आहेत. मोडाफिनिल हे त्यांतले एक. पण ते श्वासावरचा इलाज नव्हे, आणि त्याने रक्तदाब वाढू शकतो. माझा आधीच वरच्या बाजूला. म्हणून आम्ही थांबलो आहोत. दुपारी वीस मिनिटांची झोप डॉक्टरांनी औषध म्हणून लिहून दिली. तो कागद हिने कॅलेंडरशेजारी लावला आहे, आणि आता त्या वेळी कोणी दार वाजवले तर तीच दटावते.

गेल्या महिन्यात लातूरला गेलो, तेव्हा ती चिठ्ठी बरोबर होती. अण्णांनी चष्मा लावून ती वाचली आणि म्हणाले, "मला भरू दे." ओसरीवर बसून त्यांनी आठही प्रश्न सावकाश सोडवले. वाचताना शून्य, टीव्हीपुढे शून्य, बसमध्ये शून्य, जेवणानंतर एक. बेरीज एक. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही एकदम ठणठणीत की!" अण्णांनी चिठ्ठी उलटी केली. पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहिले, 'शीण', आणि पुढे आकडा घातला, 3. मग थोडे थांबून त्या तिनाभोवती एक गोल काढला आणि चिठ्ठी माझ्या खिशात सारली. "तुझ्या डॉक्टरला दाखव," म्हणाले. "म्हणावं, याचीपण काही चिठ्ठी असली तर द्या."

सोमवारी मला वेळ मिळाली आहे.