सहकुटुंब सहपरिवार

लग्नपत्रिकेच्या शेवटी यजमान ज्या आग्रहाने ‘सहकुटुंब सहपरिवार’ येण्याची विनंती करतो, तो आग्रह लिहिणाऱ्याला सोपा असतो. तो पाळण्याचा भार पाहुण्यावर पडतो, आणि आमच्या अकोले तालुक्यात हा भार थोडाथोडका नाही. अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचा हा मुलूख. पूर्वेला प्रवरेच्या पाण्यावरची उसाची आणि टोमॅटोची शेते, पश्चिमेला रतनवाडी-घाटघरकडची भाताची खाचरे, आणि अकोल्याहून राजूरला जाताना मध्ये आडवा येणारा विठ्याचा घाट. आगगाडीचा रूळ तालुक्याला कोठेच शिवत नाही. गाव एका ठिकाणी, तर त्याच्या वाड्या डोंगराच्या तीन अंगांना विखुरलेल्या. अशा प्रदेशात आप्तेष्टांच्या भेटीला जायचे म्हणजे सारी भिस्त रस्त्यावर आणि वाहनावर. म्हणून कुटुंबाने कोणते वाहन घ्यावे हा प्रश्न येथे हौसेपाशी किंवा ऐपतीपाशी संपत नाही. कोणाला बरोबर न्यायचे आणि कोणाला घरी ठेवायचे, याचा निवाडा त्या एका खरेदीतच होऊन जातो.

मोटारसायकलीवर नवरा-बायको आणि पुढे टाकीवर एक मूल एवढाच परिवार मावतो, आणि चारचाकी घेतली तरी ती चौघा-पाचांची असेल तर सहाव्या माणसापाशी येऊन हिशेब अडतो. तो सहावा माणूस बहुधा घरातला सर्वांत वडील असतो. “मला कुठं आता झेपतंय, तुम्ही जाऊन या, मी घर राखते,” असे आजी म्हणते, आणि तिच्या वयाला ते साजेसेच आहे असे समजून आपण निघतो. परंतु तिचा गुडघा जितका दुखत असतो त्याहून अधिक तिला हे उमगलेले असते, की आपण गाडीत बसलो तर एखाद्या नातवंडाला उतरावे लागेल. वृद्धांचा हा त्याग इतका मुकाट्याने होतो, की तो त्याग आहे हेही घरात कोणाच्या ध्यानी येत नाही. आणि अशी काही लग्ने, बारशी आणि एखादी यात्रा निघून गेली म्हणजे न येणे हाच त्यांचा शिरस्ता ठरून जातो. मोठ्या पोटाच्या व्हॅनचा पहिला आणि माझ्या मते सर्वश्रेष्ठ गुण हा, की ती हा शिरस्ता मोडते. सात जणांची आसने डोळ्यांसमोर दिसत असताना घर राखण्याच्या सबबीला आधार उरत नाही. घराला कुलूप लागते आणि आजी गाडीत बसते.

आपल्याकडे ही गोष्ट नवी नव्हे; मध्यंतरी तिचा विसर पडला होता, एवढेच. महाशिवरात्रीला अकोल्याच्या अगस्ती ऋषींच्या यात्रेला खेड्यापाड्यांतली कुटुंबे बैलगाडीने येत, तेव्हा गाडीत कडबा पसरून त्यावर घोंगडी अंथरली की म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बाया, पोरेबाळे आणि भाकऱ्यांच्या दुरड्या यांची एकाच वेळी सोय लागे. बैलगाडीला आसनांची संख्या नव्हती, म्हणून तिच्यात कोणी जास्तीचे ठरत नसे. मोटारीने वेग आणला, आणि वेगाबरोबर माणसे मोजण्याची पद्धतही आणली.

या मोजणीतून वाट काढण्याच्या उद्योगात आपल्या जिल्ह्याचाही वाटा आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. नगरचे नामांकित वकील आणि मुंबई विधानसभेचे अध्यक्ष कुंदनमल फिरोदिया यांचे चिरंजीव नवलमल फिरोदिया यांनी १९५८ साली बजाज टेम्पो ही कंपनी काढली, आणि १९६९ साली तिने मॅटाडोर ही जर्मन बांधणीची गाडी बाजारात आणली. वऱ्हाड, शाळकरी मुले, देवदर्शनाला निघालेली मंडळी आणि इस्पितळात न्यायचा रुग्ण, या सर्वांना महाराष्ट्राच्या रस्त्यांवर या गाडीने पोटात घेतले. परंतु मॅटाडोर ही भाड्याने ठरवायची गाडी. ती घरापुढे उभी असणे सामान्य गृहस्थाच्या आवाक्यातले नव्हते. ती उणीव १९८४ साली आलेल्या मारुती व्हॅनने भरून काढली. मारुती ८०० मध्ये होते तेच ७९६ सीसीचे लहानसे इंजिन तिला पुढच्या आसनांखाली बसवले होते, आणि नाकाडाची सारी लांबी वाचवून ती माणसांना देऊन टाकली होती. पुढे ‘ओम्नी’ हे नाव घेऊन, एकूण पस्तीस वर्षांची कारकीर्द करून ती २०१९ साली निवृत्त झाली. तिचा वारसा २०१० साली निघालेल्या इकोने उचलला, आणि अवघ्या तेरा वर्षांत इकोच्या विक्रीने दहा लाखांचा आकडा ओलांडला. ज्यांना परवडते ते इनोव्हा किंवा अर्टिगा घेतात. पण आमच्या तालुक्यात गाडीत सारे घर बसले पाहिजे असे ज्याला वाटते आणि खिसा मात्र शेतकऱ्याचा असतो, तो बहुधा इकोपाशीच येऊन थांबतो.

नवलाची गोष्ट अशी, की मारुती व्हॅन आली नेमक्या त्याच सुमारास जगाच्या दोन दूरच्या कोपऱ्यांतही हाच विचार फळाला येत होता. हॉलंडच्या बेन पॉन याने १९४७ साली फोक्सवॅगनसाठी एका डबेवजा गाडीचे रेखाटन केले होते आणि १९५० साली ती गाडी प्रत्यक्षात आली, हा त्याचा पूर्वरंग. परंतु खास कुटुंबासाठी व्हॅन घडवण्याचा संकल्प अमेरिकेत क्रायस्लर कंपनीत ली आयकोका आणि हाल स्परलिक यांनी १९८३च्या अखेरीस सिद्धीस नेला, आणि १९८४ साली फ्रान्समध्ये रेनोची एस्पास निघाली. एकमेकांची भाषा न जाणणाऱ्या तीन देशांत दोन वर्षांच्या आत एकच गोष्ट बाजारात यावी, याचा अर्थ एवढाच, की कुटुंबाची गरज सगळीकडे सारखी असते. फरक असतो तो मापाचा. अमेरिकेत घराच्या गॅरेजमध्ये मावेल अशी व्हॅन हवी, ही कसोटी ठरली होती. आमच्या वाडीवस्तीवर गॅरेजची कसोटी कोण लावणार? येथे कसोटी असते ती बोळाची.

समशेरपूरच्या बाजूला आमच्या नात्यातल्या एका आत्याबाईंचे घर आहे. बोळाच्या एका अंगाला गोठ्याची दगडी भिंत, दुसऱ्या अंगाला रचलेल्या सरपणाची उतरंड. त्यांच्यामध्ये इको उभी राहिली की दोन्हीकडे हातभर जागा उरते. बाहेर उघडणारे दार तेथे निम्मेही उघडले नसते. पुतण्याने खटका ओढून दार मागे सारले, तेव्हा ते आपल्या पट्टीवरून घरघरत मागे सरकले आणि गाडीच्या कुशीत मोकळी चौकट उभी राहिली. आत्याबाईंनी आधी काठी आत दिली, मग नऊवारीचा घोळ गुडघ्यापाशी आवरला, डाव्या हाताने पुढच्या आसनाची पाठ धरली, आणि सुनेने कोपराला आधार देताच, घराच्या उंबऱ्यावर ठेवावा तसा पाय आत ठेवून त्या एका दमात बसत्या झाल्या. “डोकं सांभाळा, आत्याबाई,” पुतण्या म्हणाला. “सांभाळलंय रं. आधी बघ, कोन मागं राह्यलं का?” असे विचारून त्यांनी स्वतःच मागे वळून माणसे न्याहाळली. बुटक्या मोटारीत बसायचे तर म्हाताऱ्या माणसाला कमरेत वाकून खाली टेकावे लागते आणि उतरताना दोघांनी ओढून काढावे लागते. जीपमध्ये बसायचे तर पायरी चढावी लागते. व्हॅनचे आसन खुर्चीच्या उंचीचे, तिची जमीन पायाला जवळची आणि छत डोक्यापासून दूर; वार्धक्याला याहून मोठा सन्मान यंत्राने क्वचितच दिला असेल.

गाडी चालू लागली की व्हॅनचा दुसरा गुण प्रत्ययाला येतो. दोन मोटारींतून निघालेले कुटुंब दोन कुटुंबांसारखे प्रवास करते. एकीतले हसणे दुसरीला ऐकू जात नाही. व्हॅनमध्ये मात्र तीन पिढ्या एकाच संभाषणाच्या वर्तुळात असतात. नवरात्रात कळसूबाईच्या दर्शनाला बारीकडे निघालेल्या अशा एका कुटुंबासमवेत प्रवास करण्याचे भाग्य मला लाभले आहे. राजूर मागे पडले, भंडारदऱ्याचा फाटा आला, आणि आजींनी काचेतून बोट दाखवून सांगायला आरंभ केला: या खाचरात काळभात पिकायचा, त्या टेपावर नागली-वरई असायची, राजूरच्या डांगी जनावरांच्या प्रदर्शनातून आजोबांनी खोंड आणले ते याच वाटेने चालवत. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाल्याची हकिगत आजोबांना त्यांच्या वडिलांकडून मिळाली होती. ती त्यांनी नातवाला तेथेच, धरणाच्या अलीकडच्या वळणावर दिली. मागच्या बाकावरची मुले प्रथम खिडकीत गुंतली होती, मग ऐकू लागली, मग विचारू लागली. घराचा इतिहास कोणत्याही दप्तरात नोंदलेला नसतो; तो असाच रुंद काचेच्या खिडकीतून, रस्त्याच्या कडेची झाडे आणि बांध यांना साक्षीला ठेवून, एका पिढीकडून दुसरीकडे जातो. आजी घरी राहिल्या असत्या तर ते खाचर त्या मुलांच्या लेखी केवळ एक खाचर राहिले असते. १६४६ मीटर उंचीच्या शिखरावर त्या चढू शकणार नव्हत्या, आणि तसा त्यांचा आग्रहही नव्हता. पायथ्याला उभे राहून हात जोडायला मिळाले, यात त्यांची यात्रा सुफळ झाली होती.

सणावारी असे कुटुंब वाहणारी ही गाडी एरवीच्या दिवशी आणखी अनेक भूमिका पार पाडते. मागचे आसन आवरून घेतले की टोमॅटोचे क्रेट संगमनेरच्या बाजाराला निघतात. भाताची पोती गिरणीवर जातात. बियाणे, खते, शाळेची पोरे, माहेरवाशिणीच्या पेट्या, सर्वांची तजवीज त्याच एका पत्र्याखाली होते. इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे जाते आणि भरलेल्या गाडीचे वजनही त्याच चाकांवर पडते, त्यामुळे विठ्याच्या चढावर ओझ्यासकट तिची पकड सुटत नाही. एक गाडी प्रपंचाची आणि दुसरी हौसेची ठेवण्याची ज्यांची ऐपत नाही, अशा घराला हा दुहेरी उपयोग म्हणजे प्रत्यक्ष बचत आहे. आणि ज्या वस्तीवर अशी एकच गाडी असते, तेथे ती एका घराची राहत नाही. पावसाळ्याच्या रात्री कोणाला कळा सुरू होतात, कोणाला सर्पदंश होतो; रुग्णवाहिका येईतो थांबणे शक्य नसते, तेव्हा आसन मागे घेऊन रुग्णाला आडवे करता येईल आणि आईला उशाशी बसता येईल एवढी जागा ज्या गाडीत आहे, तिच्या मालकाचे दार ठोठावले जाते; आणि ते उघडले जाते.

ज्या गाडीत सारे घर बसते, तिच्यावर साऱ्या घराची जोखीमही असते, हे मात्र विसरून चालणार नाही. इंजिन आसनांखाली गेल्याने ओम्नीच्या चालकापुढे धडक सोसायला पुरेसे नाकाडच उरले नव्हते, आणि सुरक्षिततेचे नियम कडक झाल्यावर तिला जावे लागले ते याच कारणाने. २०१६ साली ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत एअरबॅग नसलेल्या इकोला प्रौढांच्या सुरक्षिततेसाठी एकही तारा मिळाला नव्हता. पुढे सरकारी नियमांनी एअरबॅग सक्तीच्या झाल्या, ही इष्टच गोष्ट झाली. परंतु नियम कारखान्याच्या दारापर्यंत पोचतात. त्यापुढचा बंदोबस्त कुटुंबाने करायचा असतो. सात जणांच्या गाडीत अकरा माणसे कोंबणे, टपावर बोजा चढवून घाट उतरणे, मुलाला पुढच्या आसनावर मांडीत घेणे, मागे बसलेल्याने पट्टा न बांधणे, यांना आपण समावेशकतेचे नाव देऊ नये. सर्वांना जागा देणे याचा अर्थ प्रत्येकाला त्याची जागा देणे असा आहे, आणि ती जागा पट्ट्यासह द्यायची असते.

म्हणून गाडी घ्यायला निघालेल्या गृहस्थाला माझे कळकळीचे सांगणे आहे, की दालनात जाताना मित्राऐवजी घरातली सर्वांत थोरली आणि सर्वांत धाकटी व्यक्ती बरोबर न्यावी. गाडीचा रंग, चकाकी आणि वेग यांची चौकशी मागाहून होईल. आधी आजीला दार उघडून बसता येते का, तिचा पाय जमिनीला टेकतो का, नातवाचा पट्टा त्याच्या खांद्यावरून नीट येतो का, हे पाहावे. घरातल्या सर्वांत दुबळ्या माणसाच्या मापाने घेतलेली वस्तू धट्ट्याकट्ट्यांना कधी अपुरी पडत नाही. त्यांच्या मापाने घेतलेली मात्र दुबळ्याला नेहमीच घरी बसवते. वाहनाची पारख करण्याची ही रीत रस्त्यापुरती मर्यादित ठेवण्याचेही कारण नाही. घर बांधताना, वेळापत्रक आखताना, गावाचा रस्ता आणि बसथांबा ठरवताना हीच पारख लावली, तर आमच्या तालुक्यातली कितीतरी माणसे घर राखण्याच्या सक्तीतून मोकळी होतील.