दर्शन, स्पर्शन, प्रश्न

आपल्या जुन्या वैद्यकाने रोगपरीक्षेची तीन साधने सांगितली आहेत: दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. रोग्याकडे नीट पाहावे, त्याला हात लावून पाहावा, त्याला विचारावे. मग ज्याला दिसत नाही, किंवा रोग्याचे उत्तर ज्याच्या कानी पडत नाही, त्याने वैद्य व्हावे काय? बहुतेक जण 'छे!' म्हणून मोकळे होतात. आम्हांला हा प्रश्न इतक्या लवकर मिटवता येत नाही. त्याचे एक कारण घरातलेच आहे, ते पुढे येईलच.

आधी इतिहास पाहू. जेकब बोलोटिन हे जन्मांध. जन्म १८८८ सालचा, कर्मभूमी शिकागो. १९१२ साली त्यांनी वैद्यकाची पदवी मिळवली आणि हृदय व फुप्फुसांच्या विकारांचे डॉक्टर म्हणून ते नावाजले गेले. १९२४ साली, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी ते वारले. त्यांनी निवडलेले क्षेत्र ध्यानात घेण्याजोगे आहे. छातीवर बोटांनी ठोकून आतली स्थिती ओळखण्याची रीत ऑएनब्रुगर यांनी १७६१ साली मांडली; लाएनेक यांनी १८१६ साली कागदाची सुरळी करून तिच्यातून हृदय ऐकले. म्हणजे छातीची परीक्षा ही मुळातच कानाची आणि बोटांची विद्या. तिथे डोळ्यांवाचून अडले नाही.

हेलन टॉसिग यांची कथा उलट्या बाजूची. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये मुलांच्या हृदयविकारांचा विभाग सांभाळणाऱ्या या विदुषींचे कान तरुण वयातच मंदावले. हृदयाच्या वैद्याने स्टेथोस्कोपवाचून काय करावे? त्या मुलांच्या छातीवर हात ठेवून हृदयाची थरथर बोटांनी जाणू लागल्या, क्ष-किरणांच्या पडद्यावर त्याची हालचाल न्याहाळू लागल्या. जन्मतः निळसर पडणाऱ्या बाळांना वाचवणारी जी शस्त्रक्रिया १९४४ साली प्रथम झाली, तिची मूळ कल्पना टॉसिग यांची. ती प्रत्यक्षात आणली ब्लेलॉक आणि व्हिव्हियन थॉमस यांनी.

कोणी म्हणेल, अपवादांवर नियम उभारता येत नाही. खरे आहे. पण 'हे शक्यच नाही' या विधानाला मोडायला एक अपवादही पुरतो. डेव्हिड हार्टमन या अंध तरुणाला एकामागून एक वैद्यकीय महाविद्यालयांनी नाकारले. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठाने १९७२ साली घेतले. १९७६ साली ते पदवीधर झाले आणि पुढे मनोविकारतज्ज्ञ म्हणून त्यांनी काम केले. नाकारणाऱ्यांपाशी आणि घेणाऱ्यांपाशी विद्यार्थी एकच होता.

तरीही आक्षेप पोकळ नाहीत. काविळीचा पिवळेपणा, ओठांवरचा निळेपणा, अंगावरचा पुरळ हे डोळ्यांनीच पाहायचे असतात. मध्यरात्री अपघाताचा रोगी येतो तेव्हा हाका चारी बाजूंनी येतात. रोग्याचा जीव ही कोणाच्या जिद्दीची प्रयोगशाळा नव्हे, हे आम्हांला पूर्ण मान्य आहे. परंतु आजचा डॉक्टर तरी सारे स्वतःच्या इंद्रियांनी कुठे जाणतो? रक्त तंत्रज्ञ तपासतो, क्ष-किरणांचे चित्र दुसरा वाचतो, आणि निर्णय तिसरा घेतो. डोळे उसने घेता येतात; निर्णयबुद्धी उसनी मिळत नाही. मनोविकारतज्ज्ञाला कोणी अपेंडिक्स काढायला सांगत नाही. खरी अडचण पदवीची आहे: एम.बी.बी.एस. एकच, आणि तिच्या वाटेने पुढे काहीही होऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाला सर्वच विभागांतून जावे लागते. तिथे काय स्वतःच्या हाताने करता आलेच पाहिजे आणि काय सहायकाकडून करवून घेतले तरी चालेल, याचा विचार बारकाईने व्हायला हवा. 'छे' म्हटले की तो टळतो.

आता घरातले कारण. आमच्या नात्यातली एक मुलगी अकरावीत शास्त्र शाखेला आहे. दोन्ही कानांना यंत्रे आहेत आणि ओठांवरून बोलणे ओळखण्यात ती तरबेज आहे. २०२० साली सर्वांच्या तोंडांवर मास्क चढले तेव्हा तिच्यापुरते सारे जग मुके झाले होते. तिला डॉक्टर व्हायचे आहे. वडीलधारी मंडळी प्रेमानेच बँकेची नोकरी सुचवतात. गंमत अशी की हीच मंडळी ज्या डॉक्टरांकडे वर्षानुवर्षे जातात, त्यांना सत्तरीत नीट ऐकू येत नाही. एकच तक्रार दोनदा सांगावी लागते. त्यांच्याकडे कोणी श्रवणशक्तीचा दाखला मागत नाही. अनुभवी माणसाचे कान गेले तर आपण सांभाळून घेतो. शिकू पाहणाऱ्याचे गेलेले असले तर दारातूनच परत पाठवतो.

कायद्यानेही बराच काळ असेच केले. २०१६ च्या कायद्याने उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागा राखल्या, त्या ४० टक्के वा अधिक अपंगत्व असणाऱ्यांसाठी. आणि वैद्यकाच्या नियमावलीत काही प्रकारांना नेमक्या त्याच ४० टक्क्यांशी दार बंद. आरक्षणास पात्र ठरावे तर प्रवेशास अपात्र! अखेर महाराष्ट्रातल्याच एका विद्यार्थ्याच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १५ ऑक्टोबर २०२४ रोजी स्पष्ट केले, की केवळ टक्केवारीवरून कोणाला अपात्र ठरवता येणार नाही. अपंगत्व अभ्यासक्रमाच्या आड येते काय, हे मंडळाने तपासून नोंदवले पाहिजे.

त्या मुलीला आम्ही एवढेच सांगितले, की शल्यचिकित्सक होशील की नाही हे आज कोणालाच सांगता येणार नाही. पण हृदयाचे ठोके मोठे करून ऐकवणारे आणि पडद्यावर रेषांनी दाखवणारे स्टेथोस्कोप आता मिळतात, तेव्हा स्टेथोस्कोपच्या भयाने माघार घेऊ नकोस. प्रवेश देणाऱ्यांना सांगण्यासारखेही आमच्यापाशी फारसे काही नाही. जुन्या वैद्यकाचे तिसरे साधन त्यांनी उमेदवारापुढेही वापरावे. दाखल्यावरचा आकडा वाचून झाल्यावर त्याला विचारावे, 'हे तू कसे करशील?', आणि उत्तर पुरते ऐकून घ्यावे.